सारवलेला डबा

आमच्या घोडीच्या गाडीला गावात कुणी ट्रेलर म्हणत नसे. सगळे डबाच म्हणायचे, आणि त्यात चेष्टा होती असंही नाही, कारण तो डबाच होता. दोन चाकांवर उभा केलेला पत्र्याचा पेटारा, पुढं जीपला अडकवायचा दांडा आणि मागं खाली पडणारं दार. दार पाडलं की त्याचीच चढण व्हायची आणि तिच्यावरून घोडी आत जायची. सोलापूरकडच्या कुण्या हौशी माणसानं आपल्या शर्यतीच्या घोड्यासाठी तो करून घेतला होता म्हणे. घोडा गेला, हौस गेली आणि डबा त्याच्या शेतात पडून राहिला. माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, तो दिसला तेव्हा त्यात कोंबड्या बसत होत्या. विहिरीवरचे जुने लोखंडी पाईप देऊन आप्पांनी तो बदल्यात आणला. आणला त्या दिवशी ते इतके खूश होते की आईनं त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "अवं, खरंच ह्योच आणायचा व्हता का?"

मी नुकतीच दहावी होऊन अणदूरला कॉलेजला जायला लागले होते. त्या वयात आपल्या घरातली कुठलीच वस्तू चारचौघांच्या नजरेला पडू नये असं वाटतं, आणि आमची ही वस्तू तर हायवेवरून मिरवत जायची. डब्याला छप्पर नव्हतं. त्या जागी फ्लेक्स ताणून बांधला होता, कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. काकांनी तो मधोमध कापल्यामुळं साहेबांचा एक डोळा, अर्धी मिशी आणि जोडलेल्या हातांपैकी एकच हात आमच्या वाट्याला आला. छापील बाजू लोकांना दिसू नये म्हणून आत केली होती. घोडीनं मान वर केली की साहेब एका डोळ्यानं तिच्याकडं बघायचे.

मागच्या दाराची कडी तुटली होती, तिथं साखळी आणि साखळीत बाभळीची पाचर होती. जीपला अडकवायची पिन हरवलेली, म्हणून नांगराचा बोल्ट घातला होता. मागं लाल दिवा नव्हता. मागच्या गाडीचा उजेड पडला की चमकाव्यात म्हणून तिथं जुन्या गाण्यांच्या सीड्या टांगल्या होत्या. जीप काकांची. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं आणि जीपला ब्रेक जेमतेम होता. येडशीच्या घाटात एकदा जीप डब्यासकट मागं यायला लागली, तेव्हा आप्पा उतरून चाकाखाली दगड लावत लावत वर चालत आले. काका आतून ओरडत होते, "घोडीला म्हणावं, तू बी उतरून ढकल!"

लग्नाच्या कार्यालयासमोर दुसऱ्या घोडेवाल्यांच्या गाड्या यायच्या. बंद पिकअप, आत रबराची चटई, बाजूला पंखा, वर मोठ्या अक्षरांत फोन नंबर. त्यांच्या शेजारी आमचा डबा लागला की मी मुद्दाम लांब जाऊन उभी राहायचे, जणू मी नवरीकडची पाहुणी आहे. आप्पांना मात्र कधीच ओशाळल्यासारखं झालं नाही. ते शांतपणे पाचर काढायचे, साखळी सोडायचे, दार खाली टेकवायचे. घोडी उतरली की लोकांचं डब्याकडं लक्षच राहायचं नाही.

घोडी पांढरी होती, पण मानेवर आणि पुठ्ठ्यावर बारीक करडे ठिपके होते, पावसाचे चार थेंब उडावेत तसे. आप्पांनी तिला शिंगरू असताना आणलं. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. त्या परण्यात घोडी नाचली तर लोक वर्षभर ते लग्न आठवतात. आप्पांनी तिला नाचायला शिकवलं ते एका मोडक्या दारावर. दार अंगणात आडवं टाकायचं, घोडीला त्याच्यावर उभं करायचं आणि शेजारी हलगी वाजवायची. लाकडावर टाप पडली की आवाज होतो, तो घोडीला स्वतःला ऐकू येतो आणि ती हलगीच्या ठेक्याला पाय जुळवायला लागते. मातीवर शिकवलेली घोडी नुसत्या उड्या मारते, असं त्यांचं म्हणणं. आमची खरंच ताल धरायची. उमरग्यापासून धाराशिवपर्यंत लोक तिची चौकशी करत यायचे.

आप्पा तसे अबोल. जेवताना मीठ हवं असेल तर भाकरीनं ताटाकडं खूण करायचे. पण परण्यात हलगी तापली, घोडी मान वळवून पाय टाकायला लागली की लगाम धरलेल्या आप्पांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी घरात कधी बघितलं नाही. तेवढ्यासाठी मी त्यांच्याबरोबर लग्नांना जायचे. डब्याची लाज वाटायची तरी जायचे.

पूर्वी आप्पा तिला चालवत लग्नाच्या गावाला न्यायचे. पण हैदराबादचा रस्ता चौपदरी झाला आणि ट्रकवाल्यांच्या हॉर्नपुढं घोडी चालवत नेणं म्हणजे जिवावरचा खेळ झाला. म्हणून डबा. डब्यात जायला ती पहिल्यांदा दोन दिवस रुसली, मग तोबऱ्यातल्या हरभऱ्यामागं आत गेली आणि पुढं स्वतःहून चढायला लागली. मी जीपच्या मागच्या सीटवर उलटी बसायचे. डब्याच्या पुढच्या अंगाला एक चौकोनी खिडकी होती, तिच्यातून घोडीचं तोंड दिसायचं. तिच्याकडं लक्ष ठेवणं हे माझं काम. खड्डा आला की ती कान पाडायची, मी म्हणायचे, "काका, हळू." काका म्हणायचे, "तुझ्या घोडीला विमानानं पाठीव."

मी बारावीच्या वर्षाला जायच्या आधीचा वैशाख होता. उमरग्याकडचं लग्न उरकून आम्ही दुपार कलताना परत येत होतो. जळकोट मागं पडलं. पुढं हायवेच्या कडेच्या रस्त्यावर कुणाचा तरी परण्या चालला होता. मुहूर्त केव्हाच टळून गेलेला, तरी पोरं नाचायची थांबत नव्हती. बँड होताच, शिवाय हलग्या होत्या. गर्दी बघून काकांनी जीप हळू केली.

घोडीचे कान ताठ झाले. तिनं मान वळवली आणि डब्यात टापा वाजायला लागल्या. आधी पुढचे पाय, मग मागचे. मला हसू आलं. "काका, ही आतल्या आत नाचाया लागली."

"नाचू दे की," काका म्हणाले. "तिला बी हौस आसंल, कुणी बघत नसताना नाचायची."

आप्पा मात्र वळले. त्यांनी नुसतं ऐकलं आणि ते ओरडले, "थांबीव!" काकांनी ब्रेक दाबला, पण जीपला थांबायला तिचा वेळ लागायचा. तेवढ्यात लाकूड मोडल्याचा आवाज झाला आणि घोडीचं तोंड खिडकीतून एकदम खाली गेलं.

तळाच्या फळ्या कोंबड्यांच्या काळातल्याच होत्या. निघताना चाकं बघितली जायची, साखळी बघितली जायची, बोल्ट दोनदा हलवून बघितला जायचा. पण फळीवर नाचायला शिकवलेली घोडी आपण फळ्यांवरच उभी करून बँड वाजणाऱ्या गावांतून हिंडवतो आहोत, हे आमच्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिचा मागचा पाय फळी फोडून खाली गेला होता आणि डबा थांबेपर्यंत खूर डांबरावरून घासत आला होता.

पुढचं सगळं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. बँड बंद पडला. परण्यातली पोरं धावत आली. आप्पा डब्याखाली पाठीवर आडवे झाले आणि त्यांनी तो लोंबणारा पाय आपल्या छातीवर धरला, तिनं झटका मारू नये म्हणून. कुणीतरी कुऱ्हाड आणली, कुणी जॅक लावला. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव स्वतः घोड्यावरून उतरून आला आणि फेटा सांभाळत फळी धरून बसला. मी खिडकीतून हात घालून घोडीचं तोंड धरलं होतं. ती ओरडत नव्हती. नुसती थरथरत होती आणि तिच्या नाकातून गरम वाफा माझ्या मनगटावर येत होत्या. घोड्याचा पाय मोडला की पुढं काही नसतं, हे मला माहीत होतं. मी तेव्हा देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. त्यातलं निम्मं अजून राहिलंय.

पाय मोडला नव्हता. कातडं सोलून निघालं होतं आणि खुराचा एक टवका उडाला होता. अणदूरहून जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी टाके घातले, इंजेक्शन दिलं. त्या लग्नघरच्यांनी घोडी आठवडाभर त्यांच्या गोठ्यात ठेवून घेतली आणि आप्पाही तिथंच राहिले. आणायच्या दिवशी मी गेले. आप्पा आणि मी तिला शेतांमधल्या आडरस्त्यानं चालवत घरी घेऊन आलो. दमलं की आम्ही तिघंही कुणाच्यातरी लिंबाखाली थांबायचो.

जखम आषाढापर्यंत भरली. आप्पांनी डब्याचा तळ नवा केला. जाड फळ्या टाकल्या, त्यांच्यावर लोखंडी पत्रा ठोकला. हत्ती उभा केला तरी वाकणार नाही असं काका म्हणाले. पण घोडी काही त्यात जाईना. दार खाली पाडलं की ती चार पावलांवर थांबायची आणि पाय रोवायची. हरभरा नको, गूळ नको. ओढलं की मागं बसायची.

काकांना दम निघत नव्हता. एका सकाळी त्यांनी तिच्या डोळ्यांवर पोतं बांधलं, मागून आडवा दोर लावून दोन माणसं ओढायला उभी केली. आप्पा शेतात होते. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली आणि डब्याच्या कडेला आपटून तिच्या डोळ्याच्या वर खोक पडली. मी हातातलं खोरं उगारून काकांसमोर उभी राहिले. माझं डोकं फिरलं की मी कुणाची नसते. त्यांना मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. पुढं दिवाळीला पाया पडताना त्यांनीच आठवण करून दिली, "आज खोरं न्हाय का आणलं?"

आप्पांना त्या दिवशी संध्याकाळी हे कळलं. ते घोडीजवळ गेले, खोकेला हळद लावली आणि तिथंच दावणीजवळ बसून राहिले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "लातूरकडच्या माणसाचा फोन व्हता. त्यांचं मंगल कार्यालय हाय. घोडी तिथंच बांधायची, तिथंच नवरदेव बसवायचा. कुठं न्यायाची गरज न्हाय म्हणतो."

"मग?"

"मग काय. काम नसलेली घोडी बांधून ठेवली की बिघडती. पाय सुजतात, टाळकं फिरतं तिचं. आपल्या हौसेपायी तिचे हाल कशाला?"

मला रागही आला आणि रडूही आलं. ही घोडी माझ्या आयुष्यातली अशी एकच गोष्ट होती की जिच्याकडं बघताना मला दुसऱ्या कुणासारखं व्हावं असं वाटायचं नाही. मी म्हणाले, "आप्पा, मला येळ द्या. म्या चढवते तिला."

"तुळशीची लग्नं लागूस्तोर," ते म्हणाले. तुळशीची लग्नं लागली की माणसांची सुरू होतात. "तवर डब्यात चढली तर आपली. न्हाय चढली तर म्या चालवत नेऊन लातूरला देतो."

"कुणी मारायचं न्हाय. दोर लावायचा न्हाय."

"न्हाय."

"आन् चढली तर द्यायची न्हाय."

"न्हाय म्हणलं की," आप्पा म्हणाले आणि पाणी प्यायले.

मग मी कामाला लागले. म्हणजे खरं तर काही करायचं नाही, हेच काम. डबा अंगणात लिंबाखाली उभा होता, दार पाडून. मी कॉलेजातून आले की पुस्तक घेऊन डब्यात जाऊन बसायचे आणि घोडीचा लांब दोर बाहेर लिंबाला सैल बांधायचे. साहेबांचा फ्लेक्स काढून टाकला, आत उजेड यावा म्हणून. राज्यशास्त्राचा अभ्यास मी सगळा त्या डब्यात केला. आई ओट्यावरून विचारायची, "शिकती कोन, तू का घोडी?" श्रावणात ती दारापर्यंत यायला लागली. भाद्रपदात माझ्या ओंजळीतला हरभरा खायला मान आत घालायला लागली. मग एक दिवस तिनं पुढचा एक पाय दारावर ठेवला.

ठण्ण असा आवाज झाला. घोडी जागच्या जागी थिजली, कान मागं गेले आणि ती दोराच्या टोकापर्यंत सरकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाय ठेवायची, आवाज व्हायचा, मागं जायची. नवरात्र आलं. तुळजापूरला पायी जाणारी माणसं रस्त्यानं दिसायला लागली आणि मी अजून एका पायावरच अडकले होते. मला वाटायचं ती अंधाराला भिते, डब्याला भिते, मला भिते. एका दुपारी चिडून मी पुस्तक पत्र्यावर आपटलं. ती लिंबाखाली लांब उभी होती, तरी तिच्या अंगावर शहारा आला आणि मागचा तोच पाय तिनं उचलून धरला.

मी पुन्हा एकदा पुस्तक आपटलं, या वेळी तिच्याकडं बघत. पाय पुन्हा वर.

मी पळत आईकडं गेले. आई चुलीपुढं बसली होती. आईला घोडीचं कधीच कौतुक नव्हतं. घोडी म्हणजे दूध न देणारी म्हैस, असं ती म्हणायची. मी धापा टाकत सांगितलं, "आई, तिला आवाजाचं भ्या वाटतंय. स्वतःच्या टापंचा आवाज. टाप वाजली की तिला वाटतं आता खालचं मोडणार."

आईनं भाकरी उलटली. "मग वाजू द्यायची न्हाय."

"कशी? फळी हाय, वर पत्रा हाय. वाजणारच की."

"सारवून घे," आई म्हणाली. "गोठ्यात वाजती का तिची टाप?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईनंच पदर खोचला. आम्ही पत्र्यावर जुनी गोणपाटं अंथरली, कडेनं खिळे मारले. माती, शेण आणि गव्हाचा भुस्सा पायानं तुडवून घट्ट काला केला आणि बोटभर जाडीचा थर त्यावर दिला. खाली पाडलेल्या दारालासुद्धा दिला. वाळल्यावर भेगा पडल्या, त्या बुजवून आईनं वरून पातळ शेणाचा हात फिरवला. सवयीनं तिची बोटं अर्धगोल काढत गेली. पत्र्याच्या डब्यात घरासारखी सारवलेली जमीन झाली. काका कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "वैनी, रांगोळी तेवढी ऱ्हायली. आन् एक देवळी काढा, दिवा लावाया." आईनं शेणाचा हात त्यांच्याकडं उगारला तसे ते जीपमागं गेले.

दोन दिवस वाळू दिलं. तिसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी आत जाऊन बसले. घोडी दारापाशी आली. तिनं सारवणाचा वास घेतला, बराच वेळ घेतला, नाकपुड्यांनी माती उडेपर्यंत. मग पाय ठेवला. आवाज झाला नाही. दुसरा पाय. ती थांबली, कान इकडंतिकडं फिरवले. मी श्वास धरून पुस्तकाच्या एकाच ओळीकडं बघत राहिले. तिनं मागचा चांगला पाय वर घेतला. शेवटचा, तो टाके घातलेला पाय, ती कितीतरी वेळ हवेत धरून होती. मग तिनं तो हळूच टेकवला, चाचपला, आणि सगळं वजन त्याच्यावर दिलं. तिची मान माझ्या डोक्यावर आली आणि ती माझ्या मांडीतला हरभरा खायला लागली. मी हुंदके दाबत बसले होते. बाहेर आई कुणालातरी सांगत होती, "शेन काय वाया जात न्हाय कधी."

आप्पांनी ते त्या दिवशी पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी जीप जोडायला सांगितली आणि आम्ही तिला अणदूरच्या खंडोबाला घेऊन गेलो. हंगाम सुरू व्हायच्या आधी घोडीच्या कपाळाला भंडारा लावायचा, हा त्यांचा नेम. काकांनी जीप अशी चालवली की सायकलवाले पुढं जात होते. देवळासमोर ती शांतपणे उतरली, भंडारा लावून घेतला आणि परत चढली. आप्पा मला म्हणाले, "चढली बग." माझ्यासाठी ते खूप होतं.

तुळशीची लग्नं झाली आणि पहिलंच लग्न नळदुर्गच्या बाजूचं आलं. आप्पांनी घोडीची आयाळ विंचरली, पायात घुंगरू बांधले, पाठीवर नवी झूल टाकली. लग्नघरचे लोक डब्यातलं सारवण बघून हसले, पण घोडी उतरली तसे गप्प झाले. नवरदेव बसला. तो बिचारा घोड्याला भिणारा होता, खोगीर दोन्ही हातांनी धरून बसला होता. परण्या निघाला आणि हलगी सुरू झाली.

घोडी नाचली नाही.

हलगीवाल्यानं ठेका बदलला. जवळ येऊन, तिच्या तोंडापुढं वाकून वाजवायला लागला. घोडी समोर बघत सरळ चालत राहिली, एक एक पाय जपून टाकत. पोरं ओरडायला लागली, "नाचीव! नाचीव!" आप्पांनी लगामाला तो झटका दिला, जो मी शेकडो वेळा बघितला होता. त्या झटक्यावर ती नाचली नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. आता तिच्या खांद्याचं कातडं थरथरलं, आणि तिनं मागचा तो पाय उचलून धरला. तो खाली टेकवेना.

आप्पांनी ते बघितलं. त्यांचा हात लगामावरून सुटला आणि तिच्या मानेवर गेला. पुन्हा त्यांनी झटका दिला नाही. मारुतीपर्यंत ती साध्या पावलांनी गेली. सगळ्या परण्यात एकटा नवरदेव खूश होता.

नवरदेवाचे वडील बाजूला येऊन म्हणाले, "अवं, नाचरी म्हणून सांगितली व्हती नव्हं?"

"नाचत व्हती," आप्पा म्हणाले.

परतताना मी डब्याच्या खिडकीतून घोडीकडं बघत राहिले आणि मनातल्या मनात आप्पांशी भांडत राहिले. डब्यात तर मी तिला चढवलं होतं. पण नाचायचं सोडलेली घोडी घेऊन लग्नांना जायचं, हे आप्पांना कसं सोसेल? त्यांच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं. लातूरच्या माणसाचा फोन अजून यायचाच. आणि त्याला तर त्याच्याच दारात बांधायची होती, नाचो वा न नाचो.

घरी आल्यावर आप्पांनी दार पाडलं, घोडीला उतरवलं. मला राहवलं नाही. मी विचारलंच, "आप्पा, आता देनार का तिला?"

"का?"

"नाचत न्हाय म्हणून."

ते तिच्या पायातले घुंगरू सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "म्या डब्यात चढायचं बोललो व्हतो. नाचायचं कुठं बोललो?"

मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले, लहान पोरीसारखी. आप्पांनी मला गप्प केलं नाही. घुंगरू हातात घेऊन आत गेले.

लातूरचा फोन आला तेव्हा ते 'न्हाय' एवढंच बोलले. पण बाकीचे फोन येत राहिले, कारण घोडीचं नाव अजून लांबवर होतं. आधी कुणी विचारलं की आप्पा नुसतं हो म्हणायचे, बाकीचं घोडी करायची. आता त्यांना बोलावं लागायचं. तारीख विचारायच्या आधी, गाव विचारायच्या आधी, ते ओट्यावर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, की घोडी नाचत नाही. पलीकडचा माणूस काहीतरी म्हणायचा, बहुतेक तीच घोडी ना म्हणून विचारायचा.

"व्हय, तीच," ते म्हणायचे. "आधी नाचायची. आता नगं म्हणती."